बारावीनंतर परदेशात कायदा, राज्यशास्त्र, समाजशास्त्र : पाठवावं का?

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

धाकटी मुलगी यंदा बारावीला आहे. कला शाखा, राज्य मंडळ. दहावीला चांगले मार्क पडले तेव्हा सगळी भावकी सायन्सच्या मागे लागली होती, तिनं कुणाचं ऐकलं नाही. आता डोक्यात ब्रिटन भरलंय. कायदा, राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र तिन्ही एकत्र शिकायचंय म्हणते. यादीत एडिनबरा आहे, लंडनचं क्वीन मेरी आहे आणि केंब्रिजचा तो सामाजिक-राजकीय विषयांचा एकत्र अभ्यासक्रम आहे.

शहरातल्या एका सल्लागाराकडे जाऊन आलो. एसी ऑफिस, भिंतीवर बिग बेनचं पोस्टर. म्हणाला, "काका, तीन वर्षांत पोरगी बॅरिस्टर होऊन येईल, थेट हायकोर्टात उभी राहील." गाडीत बसेपर्यंत आमच्या मंडळींना दारावरची पितळी पाटी दिसायला लागली.

शेत विकणार नाही हे आधीच सांगतो. कर्ज काढायची तयारी आहे. जाणकारांनी मोकळेपणाने लिहावं, कडू असलं तरी चालेल.

काळा_कोट

रंकाळाकाठ, धागा काढलात ते बरं केलंत. कडूच लिहितो.

बॅरिस्टर होऊन थेट हायकोर्टात, हा जमाना संपून पन्नास वर्षं होत आली. १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टमध्ये बॅरिस्टरांना थेट सनद (वकिलीचा परवाना) देण्याची सोय होती, पण ती ३१ डिसेंबर १९७६ पर्यंत बॅरिस्टर झालेल्यांपुरती. सल्लागाराला हे माहीत नसेल तर अवघड आहे, आणि माहीत असेल तर त्याहून अवघड आहे.

आजची स्थिती अशी. बारावीनंतर इंग्लंडात तीन वर्षांचं एलएलबी करून आलेल्या भारतीय मुलाला इथे लगेच सनद मिळत नाही. आपल्याकडे एक तर पदवीनंतर तीन वर्षं, नाही तर बारावीनंतर पाच वर्षं कायदा करावा लागतो. त्यामुळे बार कौन्सिल ऑफ इंडिया त्या तीन वर्षांना पूर्ण धरत नाही. दोन वर्षांचा ब्रिज कोर्स करायला लावते (गोव्यात बार कौन्सिलच्याच संस्थेत होतो), शिवाय परदेशी पदवीधारकांसाठीची पात्रता परीक्षा. मग राज्याच्या बार कौन्सिलकडे नोंदणी आणि सगळ्यांना असते ती ऑल इंडिया बार एक्झाम. म्हणजे तीन अधिक दोन, पाच झालीच.

दुसरी गोम. एडिनबरा स्कॉटलंडात आहे. तिथला कायदा वेगळा, कोर्टं वेगळी, वकिलीची पात्रताही वेगळी. लंडनमध्ये सॉलिसिटर (अशिलाला सल्ला देणारा, कागदपत्रं बघणारा वकील) व्हायचं मनात असेल तर एडिनबऱ्याचं साधं एलएलबी म्हणजे कोल्हापूरला जायचं म्हणून मिरजेला उतरण्यासारखं. पोचता येतं, पण गाडी बदलावी लागते. आणि स्कॉटलंडात ऑनर्स पदवी चार वर्षांची असते, तीन नाही. खर्चाच्या वहीत आत्ताच एक ओळ वाढवा.

खवट_खोबरं

समाजशास्त्र शिकायला परदेशी? आपल्याकडे एका लग्नाच्या पंगतीत बसलं की कोण कुणाशेजारी बसतं, कोण वाढतं, कोण शेवटी जेवतं यात सगळं समाजशास्त्र येतं. फुकट, वर जिलेबी.

नांदेडच्या_बाई

खवट, पंगत सगळेच बघतात, प्रश्न कुणाला पडतो ते बघायचं असतं. तीस वर्षं समाजशास्त्र शिकवतेय, त्यामुळे गप्प बसवत नाही.

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली सुरू केला तो पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश माणसानं. त्याच्यानंतर १९२४ ला सूत्रं हाती घेतली ती मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्यांनी, आणि ते आले होते केंब्रिजहून पीएचडी करून. इरावतीबाई कर्वे पीएचडीला बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक होते वंशशुद्धीवाले ऑयगेन फिशर. बाई तिथून परतल्या आणि डेक्कन कॉलेजात बसून आपल्या डोळ्यांनी महाराष्ट्र पाहिला. म्हणजे बाहेर जाऊन शिकणं आणि तिथलं सगळं प्रमाण मानणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आपल्याकडच्या चांगल्या लोकांनी त्या वेगळ्याच ठेवल्या.

रंकाळाकाठ दादा, तुमच्या लेकीला एक विचारा. तिला वकील व्हायचंय की कायदा समजून घ्यायचाय? या धाग्याचं निम्मं उत्तर त्यात आहे. वकिली देशाच्या हद्दीला बांधलेली असते, समाजशास्त्र आणि राज्यशास्त्र तितकं नसतं.

थेम्सवरून

लंडनमधून लिहितेय. मी कायदा आणि राज्यशास्त्र अशी जोडपदवी केली, कायद्याचं समाजशास्त्र हा पेपर निवडून घेतला होता, सध्या एका फर्ममध्ये पॅरालीगल, म्हणजे वकिलांची मदतनीस आहे. तिन्ही विषय एकत्र म्हणजे नक्की काय, ते एका उदाहरणाने सांगते.

२०१९ साली बोरिस जॉन्सननी पार्लमेंट पाच आठवड्यांसाठी संस्थगित करवलं. प्रकरण कोर्टात गेलं. स्कॉटलंडच्या वरिष्ठ कोर्टानं ते बेकायदा ठरवलं, इंग्लंडच्या हायकोर्टानं म्हटलं हा आमचा विषयच नाही. २४ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टानं अकरा विरुद्ध शून्य असा निकाल दिला की संस्थगिती बेकायदा, म्हणजे झालीच नाही असं समजा.

कायद्याच्या वर्गात आम्ही एवढंच बघितलं की राजाच्या नावाने चालणाऱ्या विशेषाधिकाराला मर्यादा कुठवर, आणि ती मर्यादा ठरवणारं कोर्ट कोण. शिकवणाऱ्या बाईंनी निकालाचा ५० वा परिच्छेद वाचून घेतला, त्यातल्या "वाजवी कारणाशिवाय" या शर्तीवर तासभर कीस पाडला. जॉन्सनचं नाव फारसं निघालंच नाही. राज्यशास्त्राच्या सेमिनारला तोच निकाल, पण चर्चा ब्रेक्झिटची, सत्ताधारी पक्षात फूट का पडली त्याची, लिखित घटना नसलेल्या देशात संकेत मोडले की काय होतं त्याची. समाजशास्त्राच्या सरांनी त्या अकरा जणांचा फोटो पडद्यावर लावला. अकरांत तीन बायका. मग विचारलं, हे लोक कुठल्या शाळेत गेले, आणि लोकांनी यांचं का ऐकलं?

तीन खोल्या, तीन प्रश्न. मला तरी हे आवडलं. पण एक लक्षात ठेवा, जोडपदवीत हे तीन प्रश्न एकत्र आणून कुणी देत नाही. कायद्याचे ठरलेले पेपर, म्हणजे करार, नुकसानभरपाई, गुन्हेगारी कायदा, मालमत्ता, ट्रस्ट, सार्वजनिक कायदा, हे करावेच लागतात आणि तेच सगळा वेळ खातात. उरलेल्या फटीत बाकीचं. सांधा तुम्हीच मारायचा.

शिकवण्याची पद्धतही वेगळी आहे. लेक्चरला दोनशे डोकी, पण खरी कसोटी छोट्या वर्गात. दहा-बारा जण, आठवडाभर आधी वाचनाची यादी येते, ती वाचून न आलेला पोरगा पाच मिनिटांत उघडा पडतो. भारतात मला उत्तर पाठ होतं का हे विचारायचे, इथे पहिल्या निबंधावर शेरा आला होता, "हे सगळं खरं आहे, पण तुझं म्हणणं काय?"

काळा_कोट

थेम्सवरून, उत्तम. सॉलिसिटर व्हायचं गणित पण लिहा, म्हणजे रंकाळाकाठांना अंदाज येईल.

थेम्सवरून

२०२१ पासून एसक्यूई नावाची परीक्षा आहे. पहिल्या टप्प्यात दोन पेपर, प्रत्येकी १८० बहुपर्यायी प्रश्न. दुसऱ्यात अशिलाशी बोलणं, मसुदा, युक्तिवाद वगैरे कौशल्यं. शिवाय दोन वर्षांचा कामाचा अनुभव. कोणत्याही विषयाचा पदवीधर ही देऊ शकतो, कायद्याचीच पदवी हवी असं नाही. बॅरिस्टर व्हायचं तर लंडनच्या चारपैकी एका इनचं (बॅरिस्टरांच्या संस्थेचं) सदस्यत्व, बारचा कोर्स आणि एक वर्षाची प्युपिलेज, म्हणजे बॅरिस्टरच्या हाताखालची उमेदवारी. प्युपिलेजच्या जागा इतक्या कमी की इथली गोरी पोरंही वर्षानुवर्षं अर्ज करत राहतात.

व्हिसा : पदवीनंतर काम शोधायला सध्या दोन वर्षं मिळतात. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिने. तुमची मुलगी पदवी घेईल तेव्हा १८ च धरा. मोठ्या फर्म नेमणुका दोन दोन वर्षं आधी करतात, त्यामुळे दुसऱ्या वर्षातच धावपळ सुरू होते. शिकता शिकता आठवड्याला २० तास काम करता येतं, पण त्यात फार तर किराणा निघतो.

खर्च : कायद्याची फी परदेशी विद्यार्थ्यांना ढोबळमानाने वर्षाला २५ ते ३५ हजार पौंड. लंडनमध्ये राहण्याचे महिन्याला १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड, असे नऊ महिन्यांचे पैसे व्हिसासाठी बँकेत दाखवावे लागतात, तेही सलग २८ दिवस. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, तो सगळ्या वर्षांचा एकदम आधी भरायचा.

रंकाळाकाठ

पौंड ११५ ला धरून हिशेब मांडला. लंडनचं वर्षाला पन्नास लाखांच्या पुढे जातंय. तीन वर्षांचे दीड कोटी. मंडळींनी पाटीचा विषय काढणं बंद केलंय.

शिष्यवृत्तीचं कुणी सांगेल का?

नांदेडच्या_बाई

इथे बहुतेक पालक अडकतात. पदवीसाठी, म्हणजे बारावीनंतर लगेच जायचं तर मोठ्या शिष्यवृत्त्या जवळजवळ नाहीतच. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या दरवर्षी ७५ मुलांना मिळते, ती पदव्युत्तर आणि पीएचडीला. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १२५ जणांना, तीही पदव्युत्तरपासून पुढे. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग एका वर्षाच्या मास्टर्सला, आणि आधी २,८०० तास काम केलेलं लागतं. फेलिक्स शिष्यवृत्ती ऑक्सफर्ड, लंडनचं सोआस आणि रेडिंग या विद्यापीठांना, पुन्हा पदवीनंतरच. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून आहे, ते कर्जरूपाने देतात, तेही पदवीधरांना. म्हणजे तीन-पाच वर्षं इथे काढून गेलात तर दारं उघडतात, आत्ता गेलात तर स्वतःच्या खिशातून.

केंद्राच्या शिष्यवृत्तीबद्दल एक खंत आहे. २०२२ च्या नियमावलीत असं आलं की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचं सामाजिक संशोधन या विषयांना ती मिळणार नाही. ऊसतोड कामगारांवर काम करणारी माझी एक विद्यार्थिनी तेव्हा अर्ज भरायला बसली होती. बीडचं पोरगं, स्वतःचे आईवडील कोयत्यावर. तिला विषय बदल म्हणून सांगायची माझ्यावर पाळी आली. सरकारचं म्हणणं, भारतावरचा अभ्यास भारतात करा. पण बाहेर गेल्यावर दुसऱ्या देशातल्या हंगामी मजुरांचं वाचून आपलं जे नव्याने दिसतं, त्याचं काय? अर्ज करणाऱ्यांनी त्या त्या वर्षाची नियमावली शब्दन्शब्द वाचावी.

भीमथडी

बाईंशी सहमत. आणि या धाग्यावर बाबासाहेबांचं नाव अजून कसं आलं नाही? कायदा आणि समाज दोन्ही शिकलेला त्यांच्याहून मोठा माणूस कोण?

क्रम मात्र नीट बघा. १९१२ ला एल्फिन्स्टनमधून अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन बी.ए. मग १९१३ ला सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, कोलंबियाला. तिथे अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र. जातीवरचा निबंध वाचला तो ९ मे १९१६ ला, मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये. कायद्याचं नाव नाही अजून. त्याच वर्षी लंडनला येऊन ग्रेज इन आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स दोन्हीकडे नाव घातलं. शिष्यवृत्ती संपली, परत यावं लागलं, १९२० ला पुन्हा गेले, १९२२ ला बॅरिस्टर, १९२३ ला डी.एससी. समाज आधी, वकिली नंतर. त्यांच्या डोक्यातला प्रश्न पक्का होता म्हणून चार ठिकाणचं शिक्षण एकाच कामाला आलं.

खवट_खोबरं

भीमथडी, हे मान्य. आमच्या पुतण्याच्या डोक्यात प्रश्न नव्हता, फक्त इन्स्टाग्राम होतं. दोन सेमिस्टरमध्ये परत आला, आता पुण्यात कॅफे आहे. कॉफी बरी असते.

गटिंगेनकर

जर्मनीचा पर्याय कुणी काढला नाही म्हणून लिहितो. वकिली इथे विसरा. जर्मन कायदा जर्मन भाषेत, दोन राज्य परीक्षा, मध्ये दोन वर्षांची उमेदवारी. समाजशास्त्र आणि राज्यशास्त्र मात्र उत्तम, आणि सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत फी नाहीच, फक्त सेमिस्टरचं किरकोळ शुल्क. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो. राहण्याचे वर्षाला ११,९०४ युरो बंद खात्यात (दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते अशा) दाखवावे लागतात, आणि भारतीयांना कागदपत्र तपासणीचं एपीएस प्रमाणपत्र लागतं.

पण बारावी कला करून थेट बॅचलरला प्रवेश कठीण, भारतात निदान वर्षभर कॉलेज झालेलं असावं लागतं, आणि बॅचलर बहुतेक जर्मनमधूनच. मास्टर्स इंग्रजीत मिळतं. गटिंगेनला आधुनिक भारताच्या अभ्यासाचा विभाग आहे, बीलेफेल्डला समाजशास्त्राची अख्खी फॅकल्टी आहे, समाजशास्त्रज्ञ निक्लास लुमान तिथलेच.

अवांतर : हायडेलबर्गचे गुंथर सोंथायमर आठवतात का? खंडोबा आणि धनगरांवर काम करणारे. त्यांची सुरुवात कायद्यातून होती, हिंदू एकत्र कुटुंबाच्या कायद्यावर लंडनला पीएचडी. कायद्याच्या पोथ्या वाचता वाचता माणूस जेजुरीला पोचला.

काळा_कोट

सोंथायमरांसाठी दंडवत.

आता एक साधी गोष्ट सांगतो, ती सल्लागार सांगणार नाही कारण त्यात त्याचं कमिशन नाही. रंकाळाकाठ, तुमच्या लेकीला हवं असलेलं मिश्रण आपल्याकडे पाच वर्षांचं बी.ए. एलएल.बी. म्हणून मिळतं. कायदा तर आहेच, बी.ए.च्या भागात राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र. पुण्याचं आयएलएस १९२४ पासून आहे, मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ १८५५ पासून. राष्ट्रीय विधी विद्यापीठं राज्यात तीन, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर. त्यांना क्लॅट ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा लागते, बाकीच्यांना राज्याची सीईटी. पाच वर्षांची सगळी फी मिळून लंडनच्या एका वर्षाच्या जवळपासही जात नाही.

शिकवणी सगळीकडे चांगली असते असं मी म्हणणार नाही. समाजशास्त्राचा पेपर गाईडमधून उरकणारी कॉलेजं भरपूर आहेत. पण पदवी हातात, सनद हातात, आणि मग मास्टर्सला बाहेर.

थेम्सवरून

आणि मास्टर्सला तिन्ही विषय खरोखर एका खोलीत येतात. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला कायदा, मानववंशशास्त्र आणि समाज असं एकत्र मास्टर्स आहे. स्वीडनमध्ये लुंडला कायद्याच्या समाजशास्त्राचा स्वतंत्र विभागच आहे. आणि स्पेनमध्ये, बास्क प्रांतात, ओन्याती नावाचं डोंगरातलं छोटं गाव आहे. सोळाव्या शतकातल्या जुन्या विद्यापीठाच्या दगडी वाड्यात कायद्याच्या समाजशास्त्राची आंतरराष्ट्रीय संस्था चालते, एका वर्षाचं इंग्रजी मास्टर्स. जगभरची मोजकी पोरं, शिकवणारे देशोदेशींहून येऊन-जाऊन. माझी एक मैत्रीण तिथे होती, गावात दुसरा उद्योग नसल्याने सगळ्यांचं वाचन झालं म्हणाली.

तरीही एक बाजू मांडते. अठराव्या वर्षी घर सोडून स्वतःचं म्हणणं मांडायची सवय लागते ती नंतर लागेलच असं नाही. ज्यांच्याकडे पैसा आहे आणि ज्यांना परत येऊन इथे वकिली करायची नाही, त्यांनी जरूर जावं. कर्ज काढून कायद्याच्या पदवीला येणाऱ्यांना मात्र मी दोनदा विचार करा म्हणते.

रंकाळाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीला अख्खा धागा वाचायला दिला. तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत टाकतो :

"पप्पा, मला पाटी नको. गावात दूध संस्थेची निवडणूक लागते तेव्हा सहकार कायद्याचं कलम आणि भावकी एकाच मतदान केंद्रावर येतात. कलम सगळ्यांना पाठ असतं आणि निकाल भावकीवर लागतो. हे असं का, ते मला शिकायचंय. २०२१ ला सुप्रीम कोर्टानं सत्त्याण्णवाव्या घटनादुरुस्तीतला राज्यांच्या सहकारी संस्थांचा भाग रद्द केला, कारण राज्यांच्या विधानसभांची संमतीच घेतली नव्हती. त्याचं आमच्या संस्थेत कुणालाच काही वाटलं नाही. ते का, हेही. यासाठी लंडन लागतं का, एवढं त्या काकांना विचारा."

नांदेडच्या_बाई

हिला कुठेही पाठवा, शिकेल.

काळा_कोट

पोरी, आत्ता तरी लंडन लागत नाही. क्लॅट आणि सीईटी दोन्ही दे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतंय, सहा जिल्ह्यांची प्रकरणं तिथे येतात. सुटीत एक आठवडा मागच्या बाकावर बसून ये, प्रेक्षकाला तिकीट नाही. सहकारी संस्थांच्या निवडणुकांच्या याचिका तुला भरपूर ऐकायला मिळतील. ज्या दिवशी जाशील त्याच्या आदल्या संध्याकाळी बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) ऑनलाइन लागतो, तो बघून जा.

थेम्सवरून

आणि तिला सांगा, त्या आठवड्यात रोज रात्री एक पान लिहायचं. काय झालं ते अर्धं पान, तुझं म्हणणं काय ते अर्धं पान. मला पाठवलंस तर मी शेरे मारून देईन. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

रंकाळाकाठ

व्यनि केला आहे. सल्लागाराचे आज दोन फोन आले, म्हणतोय नोंदणी शुल्क या महिन्यात भरलं तर निम्मं. त्याला ३१ डिसेंबर १९७६ चं विचारलं, म्हणाला सरांशी बोलून सांगतो.

खवट_खोबरं

सर बहुतेक १९७७ ला जन्मले असतील.